रक्तदाबाचे मापन आणि रक्तदाबाचे अनुमान

एखादी राशी प्रत्यक्ष मोजणे आणि दुसऱ्या एखाद्या राशीवरून तिचे अनुमान करणे या दोन क्रियांतील भेद विज्ञानाच्या विद्यार्थ्याला प्रारंभीच शिकविला जातो. परंतु उपकरणावर आकडा उमटला म्हणजे हा भेद बहुधा विस्मरणात जातो. कारण आपण कोठून आलो हे आकडा स्वतः सांगत नाही. मनगटावरील घड्याळात, बोटातील अंगठीत किंवा छातीवर चिकटविलेल्या पट्टीत संवेदक बसवून, त्यांच्या नोंदींवरून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने रक्तदाब सांगण्याचे अनेक प्रयत्न गेल्या दहा-पंधरा वर्षांत झाले आहेत. त्यांचे मूल्यमापन करताना हा भेद सतत डोळ्यांपुढे ठेवणे अगत्याचे आहे. ही उपकरणे कोणत्या तत्त्वावर चालतात, त्यांच्या अचूकतेचे दावे कसे तपासावेत आणि कोणत्या कसोटीवाचून ते स्वीकारू नयेत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रश्नाचे महत्त्व

उच्च रक्तदाब हा विकार बहुधा कोणतेही लक्षण न दाखविता वर्षानुवर्षे शरीरात राहतो आणि पुढे पक्षाघात, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा ऱ्हास या रूपाने प्रकट होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ सालच्या अहवालाप्रमाणे जगातील ३० ते ७९ या वयोगटातील सुमारे १३० कोटी माणसांना हा विकार आहे, आणि त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना त्याची कल्पनाही नाही. आपल्या देशातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) १५ वर्षे व त्यावरील वयाच्या पुरुषांपैकी २४ टक्के आणि स्त्रियांपैकी २१ टक्के व्यक्तींचा रक्तदाब वाढलेला तरी आढळला, किंवा त्यासाठी त्या औषध घेत असल्याचे आढळले. २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या भारतीय उच्चरक्तदाब नियंत्रण उपक्रमात प्रारंभीच्या पाच राज्यांत महाराष्ट्राचाही समावेश होता. अशा उपक्रमांत औषधाची मात्रा वाढवावी की तीच ठेवावी, हा निर्णय १४० आणि ९० या दोन मर्यादांकडे पाहून घेतला जातो. सबब आकडा चुकला तर उपचारही चुकतो, हे येथे अक्षरशः खरे आहे.

दुसरीकडे, दवाखान्यात क्वचित घेतलेली एखादी नोंद समाधानकारक नसते हेही तितकेच खरे आहे. रक्तदाब हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर थोडाफार बदलतो. कित्येकांचा रक्तदाब केवळ डॉक्टरांच्या सान्निध्याने वाढतो. उलट काहींचा दवाखान्यात प्राकृत दिसतो, पण घरी व कामावर चढलेला असतो. निरोगी माणसाचा दाब झोपेत साधारणतः दहा ते वीस टक्क्यांनी उतरतो. तो तसा न उतरणे हे धोक्याचे चिन्ह असून, पुढील हृदयविकाराची सूचना दवाखान्यातील आकड्यापेक्षा रात्रीच्या आकड्यावरून अधिक चांगली मिळते. परंतु दर अर्ध्या तासाने दंड आवळणारे यंत्र बांधून झोपणे कोणालाही सुखाचे होत नाही. यास्तव रुग्णाला पत्ता लागू न देता अहोरात्र रक्तदाबाची नोंद ठेवणारे उपकरण मिळावे, ही अपेक्षा अगदी योग्य आहे. ती पुरी होते का, एवढाच प्रश्न आहे.

समतोलाने मोजण्याची परंपरा

रक्तदाब प्रथम मोजला तो स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने. घोडीच्या रोहिणीत पितळी नळी घालून तिला त्याने काचेची उंच नळी जोडली, तेव्हा रक्त हृदयाच्या पातळीच्या वर ८ फूट ३ इंच चढले. हा प्रयोग १७३३ साली प्रसिद्ध झाला. आजच्या परिभाषेत ती उंची पाऱ्याच्या सुमारे १९५ मिलिमीटर स्तंभाइतकी भरते. पुढे १८२८ साली प्वाझ्य या फ्रेंच शास्त्रज्ञाने काचेच्या नळीतील रक्ताऐवजी पाऱ्याचा उपयोग केला, आणि १८९६ साली इटलीतील तुरिन येथे रिव्हा-रोच्ची याने दंडाभोवती हवेचा पट्टा बांधून रोहिणीला छेद न देता दाब मोजण्याची रीत घालून दिली. १९०५ साली सेंट पीटर्सबर्ग येथील कोरोत्कोव्ह या शस्त्रवैद्याने पट्ट्याखालच्या रोहिणीवर श्रवणनलिका ठेवून ऐकू येणाऱ्या आवाजांचे वर्णन केले, आणि आकुंचनदाब व प्रसरणदाब, म्हणजे नेहमीच्या बोलण्यातील वरचा व खालचा रक्तदाब, हे दोन्ही मोजणे शक्य झाले.

या सर्व पद्धतींत एक समान सूत्र आहे. अज्ञात दाबासमोर आपण एक ज्ञात दाब उभा करतो आणि दोहोंचा तोल कोठे साधतो ते पाहतो. तराजूच्या एका पारड्यात धान्य आणि दुसऱ्यात वजने, तशीच ही गोष्ट होय. आज घरोघरी वापरली जाणारी स्वयंचलित यंत्रे कोरोत्कोव्हचे आवाज ऐकत नाहीत. पट्ट्यातील हवेची आंदोलने टिपून ती निर्मात्याच्या सूत्राने दोन्ही आकडे काढतात. म्हणजे त्यांतही अनुमानाचा अंश आहे. तथापि तेथेही पट्ट्यातील दाब हा ज्ञात व प्रत्यक्ष असतो, आणि अनुमानाला त्याची दावण असते. १९७३ साली चेकोस्लोव्हाकियातील यान पेनाझ याने बोटाभोवतीच्या लहानशा पट्ट्यातील दाब क्षणोक्षणी बदलता ठेवून प्रत्येक ठोक्याचा दाब अखंडपणे टिपण्याची पद्धत मांडली. तिच्यातही समतोलाचे तत्त्व सुटलेले नाही. सारांश, अखंड नोंद आणि प्रत्यक्ष समतोल या परस्परविरोधी गोष्टी नव्हेत. मात्र पट्टा काढून टाकला की ज्ञात दाब नाहीसा होतो, आणि मग केवळ खुणांवर विसंबावे लागते.

नाडीतरंगाची खूण

या खुणा कोणत्या, ते आता पाहू. घड्याळाच्या तळाशी हिरवा प्रकाश देणारे दिवे आणि एक प्रकाशग्राही असतो. त्वचेत शिरलेल्या प्रकाशाचा काही भाग रक्तातील हीमोग्लोबिन शोषून घेते. ठोक्याबरोबर सूक्ष्म वाहिन्यांत रक्त भरते तेव्हा परतणारा प्रकाश कमी होतो, ओसरते तेव्हा वाढतो. प्रकाशाच्या या चढउताराचा आलेख म्हणजे प्रकाश-नाडीलेख होय. अमेरिकेत हर्ट्झमन याने १९३७ च्या सुमारास या पद्धतीचा पाया घातला. ध्यानात ठेवण्याची गोष्ट अशी की, हा आलेख रक्ताच्या आकारमानातील बदल दाखवितो. दाब दाखवीत नाही.

दुसरी खूण काळाची आहे. हृदय आकुंचन पावले की दाबाचा तरंग रोहिण्यांच्या भित्तिकांतून पुढे धावतो. रक्त स्वतः जितक्या वेगाने वाहते त्याच्या कितीतरी पट अधिक, म्हणजे सेकंदाला काही मीटर, असा या तरंगाचा वेग असतो. १८७८ साली मोएन्स आणि कोर्टेवेग या डच संशोधकांनी त्याचे सूत्र दिले:

वेगाचा वर्ग = (भित्तिकेचा स्थितिस्थापकतांक × भित्तिकेची जाडी) ÷ (रक्ताची घनता × रोहिणीचा व्यास)

या सूत्रात रक्तदाब कोठेच नाही, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. तो मागील दाराने येतो. दाब वाढला म्हणजे रोहिणीची भित्तिका ताणली जाऊन अधिक ताठ होते, आणि ताठ नळीत तरंग अधिक जलद जातो. १९२२ साली ब्रॅमवेल आणि हिल यांनी हा संबंध माणसाच्या रोहिण्यांच्या संदर्भात स्पष्ट केला. स्थितिस्थापकता दाबाबरोबर घातांकी रीतीने वाढते असे सामान्यतः मानतात. कुत्र्यांच्या महारोहिणीवरील प्रयोगांत तिचा घातांक प्रत्येक मिलिमीटर पाऱ्याला सुमारे ०.०१७ मिळाला आहे.

या आकड्यावरून एक साधे गणित करता येते. वेग हा स्थितिस्थापकतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असल्यामुळे दाब १ मिलिमीटरने वाढला तर वेग सुमारे ०.८५ टक्क्याने वाढेल आणि प्रवासाचा काळ तितकाच घटेल. हृदयापासून मनगटापर्यंतचे अंतर ७० सेंटिमीटर आणि वेग सेकंदाला ७ मीटर धरला तर प्रवासास १०० मिलिसेकंद लागतात. म्हणजे १ मिलिमीटर दाबामागे काळात पडणारा फरक एका मिलिसेकंदाहूनही कमी आहे. सेकंदाला पन्नास वेळा नोंद घेणाऱ्या संवेदकाच्या दोन नोंदींतील अंतरच २० मिलिसेकंद असते. अंतर्वेशनाने ही उणीव पुष्कळ अंशी भरून काढता येते. परंतु हात हलला, पट्टा सैल झाला किंवा त्वचा घामेजली, तर एवढा सूक्ष्म फरक गोंधळात बुडून जातो.

संबंध स्थिर राहतो काय?

संवेदक कितीही सूक्ष्म केला तरी एक अधिक मूलभूत अडचण उरतेच. खूण आणि दाब यांच्यातील संबंध स्थिर नाही. बाजारपेठेतील जुना हमाल पोते उचलून वजन अचूक सांगतो. पण पोत्यात नेहमीच्या ज्वारीऐवजी दुसरेच काही भरलेले असेल तर त्याचा हात फसतो. येथेही तसेच होते.

रोहिण्यांच्या, विशेषतः हातापायांतील रोहिण्यांच्या, भित्तिकांत स्नायूंचे तंतू असतात. थंडी, मानसिक ताण, जेवण, तंबाखू अशा कारणांनी ते आवळतात किंवा सैल पडतात, आणि दाब तोच असतानाही तरंगाचा वेग व नाडीलेखाचा आकार बदलतो. अनेक उपकरणांत काळाची मोजणी हृदयाच्या विद्युतलेखापासून सुरू होते. परंतु विद्युत्-संकेत आणि महारोहिणीची झडप उघडणे यांच्यामध्ये काही दशक मिलिसेकंदांचा अवधी जातो, आणि तो श्रमाने, भावनेने व औषधाने स्वतंत्रपणे बदलतो. हाताची उंचीही उपेक्षणीय नाही. मनगट हृदयाच्या पातळीखाली १३ सेंटिमीटर गेले की तेथील रोहिणीत केवळ रक्तस्तंभाच्या भाराने सुमारे १० मिलिमीटर दाब वाढतो. वर उचलले की तितकाच घटतो. शिवाय वयाबरोबर रोहिण्या ताठ होतात, म्हणजे आज जुळविलेला संबंध काही काळाने शिळा होतो.

यांतील सर्वांत गंभीर बाब औषधाची आहे. रक्तदाबाची कित्येक औषधे नेमकी वाहिन्यांच्या स्नायूंवर किंवा हृदयाच्या आकुंचनावर परिणाम करतात. म्हणजे ज्या क्षणी रुग्णाला खरा आकडा हवा असतो, त्याच क्षणी अनुमानाचा आधार सरकलेला असतो.

अंशशोधन व कृत्रिम बुद्धिमत्ता

एवढ्या घटकांचा एकत्र विचार हाताने लिहिलेल्या सूत्राने होणार नाही, म्हणून कृत्रिम बुद्धिमत्तेचा आश्रय घेण्यात आला. हजारो व्यक्तींचे नाडीलेख आणि त्याच वेळी दुसऱ्या विश्वसनीय रीतीने मोजलेले दाब यांच्या जोड्या संगणकापुढे ठेवावयाच्या, आणि नाडीलेखाच्या आकारातील कोणत्या लकबी कोणत्या दाबाशी निगडित आहेत हे त्याला स्वतः शोधू द्यावयाचे, अशी ही रीत आहे. या रीतीचे सामर्थ्य नाकारण्याचे कारण नाही. मात्र दिलेल्या सामग्रीत जी माहिती मुळातच नाही, ती कोणतीही अध्ययनरीती निर्माण करू शकत नाही. उलट, उत्तर जुळविण्याचा एखादा सोपा मार्ग सामग्रीत असेल, तर ती तो हमखास शोधून काढते.

असा सोपा मार्ग येथे उपलब्ध असतो. तो म्हणजे अंशशोधन. व्यक्तिव्यक्तींत रोहिण्यांचे गुणधर्म भिन्न असल्यामुळे बहुतेक उपकरणांना प्रारंभी नेहमीच्या पट्ट्याने घेतलेला रक्तदाब सांगावा लागतो, आणि पुढे ठराविक मुदतीने तो पुन्हा सांगावा लागतो. दक्षिण कोरियात एप्रिल २०२० मध्ये मान्यता मिळालेल्या सॅमसंग कंपनीच्या घड्याळात ही मुदत चार आठवड्यांची ठेविली होती. याचा अर्थ असा की, उपकरणाला उत्तराचा मोठा भाग आधीच सांगितलेला असतो. ज्या उपकरणांत पट्ट्याची नोंद लागत नाही, त्यांतही पुष्कळदा वय, लिंग, उंची व वजन विचारले जाते, आणि एवढ्यावरूनच रक्तदाबाचा बराचसा अंदाज बांधता येतो. संवेदकाने त्यात भर काय घातली, हा खरा प्रश्न होय.

काहीही न करणारे उपकरण

या प्रश्नाचे गांभीर्य पुढील कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. पट्ट्याच्या स्वयंचलित यंत्रांसाठी जो आंतरराष्ट्रीय दंडक प्रचलित आहे, त्यात किमान ८५ व्यक्तींवर चाचणी घेऊन सरासरी चूक ५ मिलिमीटरांहून आणि चुकीचे प्रमाण विचलन ८ मिलिमीटरांहून अधिक नसावे, अशी एक मुख्य अट आहे. आता अशा व्यक्तींचा एक गट घेऊ की, ज्यांच्या स्वाभाविक आकुंचनदाबांचे आपापसांतील प्रमाण विचलन १८ मिलिमीटर आहे, आणि विश्रांतीच्या स्थितीत प्रत्येकाचा दाब स्वतःच्या सरासरीभोवती ५ मिलिमीटर प्रमाण विचलनाने हेलकावतो. या गटाला आपण एक असे उपकरण देऊ की, ज्यात संवेदकच नाही. अंशशोधनाच्या वेळी सांगितलेला आकडा तेवढा ते लक्षात ठेवते, आणि विचारील त्याला तोच परत सांगते.

या उपकरणाची सरासरी चूक शून्य येईल. चुकीचे प्रमाण विचलन म्हणजे दोन स्वतंत्र हेलकाव्यांच्या वर्गांच्या बेरजेचे, २५ अधिक २५ म्हणजे ५० चे, वर्गमूळ होय. ते ७.१ भरते, म्हणजे ८ च्या आत आहे. सांगितलेला दाब आणि खरा दाब यांचा सहसंबंध ३२४ भागिले ३४९, म्हणजे ०.९३ येतो. थोडक्यात, काहीही न मोजणारे उपकरण या कसोटीत उत्तीर्ण होते, आणि त्याचा सहसंबंधाचा आलेख एखाद्या शोधनिबंधात शोभून दिसेल!

आता याच उपकरणाला प्रत्यक्ष व्यवहारात आणून पाहावे. एका रुग्णाचा आकुंचनदाब १६० असताना त्याचे अंशशोधन झाले. औषध लागू पडून दाब १३६ वर आला. उपकरण मात्र १६० च सांगत राहिले. मात्रा अकारण वाढविली गेली, तर वृद्ध रुग्णाला उठताना भोवळ येऊन तो पडू शकतो. उलट, दाब १३० असताना अंशशोधन केलेल्या रुग्णाने औषध सोडले, दाब पुन्हा चढला, आणि उपकरण त्याला १३० असल्याचे आश्वासन देत राहिले. पहिली चूक उघडकीस तरी येते; दुसरी पक्षाघाताच्या दिवसापर्यंत निमूट राहते. अर्थात बाजारातील उपकरणे इतकी निष्क्रिय आहेत असे आमचे म्हणणे नाही. निष्क्रिय उपकरणालाही जी कसोटी ओळखू शकत नाही, ती या कामास पुरेशी नाही, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

अध्ययनसामग्रीतील दोष

संशोधनपत्रांतील अचूकतेचे आकडे वाचताना आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली गोष्ट सामग्रीच्या विभागणीची. या विषयातील पुष्कळसे काम बॉस्टन येथील एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागातील नोंदींवर आधारलेले आहे. मिमिक या नावाने ओळखला जाणारा हा संग्रह संशोधकांना खुला असल्याने त्याचा विपुल उपयोग झाला. एकाच रुग्णाच्या लांब नोंदीचे शेकडो लहान तुकडे करून त्यांपैकी काही शिकविण्यासाठी व काही परीक्षेसाठी वापरले, तर संगणक दाब ओळखण्याऐवजी रुग्ण ओळखावयास शिकतो, कारण प्रत्येकाच्या नाडीलेखाची ठेवण हस्ताक्षरासारखी निराळी असते. रुग्ण ओळखला की त्याचा दाब आठविणे कठीण नाही. या संग्रहातून काढलेल्या एका लोकप्रिय संचात तर कोणता तुकडा कोणत्या रुग्णाचा याची नोंदच उपलब्ध नव्हती. त्यामुळे योग्य विभागणी करू इच्छिणाऱ्यासही ती करता येत नव्हती. शिवाय अतिदक्षता विभागात निजलेल्या रुग्णावरून शिकलेले ज्ञान चालत्याबोलत्या माणसाला लागू पडेलच असे नाही.

दुसरी गोष्ट सरासरीकडे ओढले जाण्याची. चुकांच्या वर्गांची बेरीज लघुतम करण्यास शिकलेली रीती संशयाच्या प्रसंगी समूहाच्या सरासरीजवळचे उत्तर देते, कारण तेच तिला सर्वांत स्वस्त पडते. परिणामी उच्च दाब प्रत्यक्षाहून कमी आणि नीच दाब प्रत्यक्षाहून अधिक सांगितला जातो. एकंदर सरासरी चूक लहान दिसते. पण ज्यांच्यासाठी उपकरण घेतले त्या रुग्णांच्या बाबतीत ती सर्वांत मोठी असते.

या दृष्टीने मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या संशोधन विभागाने हाती घेतलेला आणि २०२२ साली प्रसिद्ध केलेला 'अरोरा' प्रकल्प उद्बोधक आहे. त्यात १,१२५ व्यक्तींच्या मनगटावरील प्रकाश-नाडीलेख, रोहिणीवर टेकविलेल्या दाबसंवेदकाचा आलेख व हृदयाचा विद्युतलेख यांचा अभ्यास केला गेला, आणि दैनंदिन व्यवहारातील नोंदींचाही त्यात समावेश होता. महत्त्वाचे म्हणजे, संवेदकांविना केलेल्या पायाभूत अंदाजाशी त्याची तुलना केली गेली. या पायाभूत अंदाजावर संवेदकांनी घातलेली भर नगण्य ठरली. एखाद्या मोठ्या कंपनीने स्वतःच्या प्रयत्नाचा असा प्रतिकूल निष्कर्ष सामग्रीसह प्रसिद्ध करावा, ही गोष्ट शास्त्राच्या दृष्टीने मोलाची होय.

आकडा की इशारा?

अलीकडे या क्षेत्रात एक वेगळी दिशा दिसू लागली आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अ‍ॅपल कंपनीच्या घड्याळातील एका सुविधेस मान्यता दिली. ती रक्तदाबाचा आकडा सांगतच नाही. तीस दिवसांच्या नाडीलेखांवरून, उच्च रक्तदाबाचा संभव दिसल्यास, फक्त इशारा देते. आकड्याचा दावा सोडल्याने ही भूमिका अधिक प्रामाणिक झाली आहे. पण तिचाही अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. मान्यतेच्या कागदपत्रांत तिची संवेदनशीलता सुमारे ४१ टक्के आणि विशिष्टता सुमारे ९२ टक्के दिली आहे. समजा, निदान न झालेल्या १,००० व्यक्तींपैकी २०० जणांना खरोखर विकार आहे. त्यांपैकी ८२ जणांना इशारा मिळेल व ११८ जणांना मिळणार नाही. उरलेल्या ८०० निरोगी व्यक्तींपैकी सुमारे ६४ जणांना खोटा इशारा मिळेल. म्हणजे इशारा मिळालेल्या १४६ पैकी ८२ जणांना खरोखर विकार असेल. हे प्रमाण वाईट नाही. अशा माणसाने पट्ट्याने रक्तदाब तपासून घेणे सर्वथा योग्य होय. परंतु इशारा न मिळालेल्या ८५४ व्यक्तींपैकी ११८ जण विकारग्रस्तच असतील. तेव्हा इशारा हे तपासणीचे कारण होऊ शकते. इशाऱ्याचा अभाव हे निरोगीपणाचे प्रमाणपत्र होऊ शकत नाही.

योग्य कसोट्या व पुढील कार्य

पट्टाविरहित उपकरणांना निराळ्या कसोट्या हव्यात हे आता सर्वमान्य होत आहे. युरोपीय उच्चरक्तदाब संस्थेने २०२३ साली अशा कसोट्यांची शिफारस केली. स्थिर स्थितीतील अचूकतेखेरीज हाताची स्थिती बदलल्यावर, औषधोपचाराने दाब उतरल्यावर, जागेपणी व झोपेत, व्यायामाच्या वेळी, आणि पुनः अंशशोधनाची मुदत संपत आल्यावर उपकरण कसे वागते, हे त्यांत तपासावयाचे असते. या सर्वांचा गाभा एकच आहे: दाब बदलला असता उपकरणाचा आकडा त्याच्याबरोबर बदलतो की नाही. युरोपीय हृद्रोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०२४ सालच्या मार्गदर्शिकेत निदान व उपचार यांसाठी पट्टाविरहित उपकरणांची शिफारस केलेली नाही, तीही याच कारणास्तव.

आपल्याकडील विभागांत या विषयावर प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी काही नियम स्वतःवर घालून घ्यावेत असे सुचवावेसे वाटते. शिकविण्याची व परीक्षेची सामग्री व्यक्तिशः वेगळी ठेवावी. प्रत्येक निष्कर्षाशेजारी वर वर्णिलेल्या निष्क्रिय उपकरणाचा निष्कर्ष छापावा. एकूण सहसंबंधाऐवजी एकाच व्यक्तीतील खऱ्या बदलाशी सांगितलेल्या बदलाचा संबंध किती, ते द्यावे. उच्च दाबाच्या गटातील चूक निराळी दाखवावी. आणि सामग्री कोणत्या त्वचावर्णाच्या, वयाच्या व व्यवसायाच्या माणसांपासून गोळा केली ते स्पष्ट सांगावे. शेवटची बाब आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. त्वचेतील कृष्णरंजक हिरवा प्रकाश मोठ्या प्रमाणावर शोषून घेते. प्राणवायूचे प्रमाण दाखविणाऱ्या, बोटाला लावण्याच्या उपकरणांनी कृष्णवर्णीय रुग्णांतील प्राणवायूची धोकादायक कमतरता गौरवर्णीयांच्या मानाने जवळजवळ तिप्पट वेळा लपविली, असे अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. दिवसभर उन्हात राबणाऱ्या, सावळ्या व घामेजलेल्या मनगटांवर जे उपकरण तपासले गेले नाही, त्याचे परदेशातील प्रमाणपत्र येथे पुरेसे मानता येणार नाही.

याचा अर्थ हा मार्ग बंद आहे असा नव्हे. अमेरिकेतील मिशिगन राज्य विद्यापीठात रामकृष्ण मुक्कमला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली एक रीत प्रसिद्ध केली. तीत माणूस फोनला जोडलेल्या संवेदकावर स्वतःचे बोट हळूहळू अधिकाधिक दाबतो. बोटाचा दाब आणि त्याबरोबर बदलणारी नाडीची आंदोलने दोन्ही मोजली जातात. येथे पट्टा नाही, पण ज्ञात दाब आहे. म्हणजे समतोलाचे जुने तत्त्व नव्या रूपाने टिकून राहिले आहे. त्याच वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील संशोधकांनी त्वचेवर चिकटणारी, श्राव्यातीत ध्वनीने खोलवरच्या रोहिणीचा बदलता व्यास टिपणारी पट्टी मांडली. कृत्रिम बुद्धिमत्तेलाही येथे पुष्कळ काम आहे. हालचालीने बिघडलेल्या नोंदी वगळणे, पट्ट्याने केव्हा मोजावे हे सुचविणे, घरी घेतलेल्या अनेक नोंदींतील कल ओळखणे, या गोष्टी ती उत्तम करू शकेल. कारण तेथे ती मापनाच्या जागी बसत नाही, मापनाच्या साहाय्यास येते.

हेल्सच्या काचेच्या नळीपासून आजच्या घड्याळापर्यंत साधने बदलली, परंतु दाब मोजला असे म्हणण्यास जी अट लागते ती बदललेली नाही. उपकरणाचा आकडा दाबाबरोबर चढला पाहिजे व दाबाबरोबर उतरला पाहिजे. ही अट जोपर्यंत सिद्ध होत नाही, तोपर्यंत मनगटावरील आकड्यास अनुमान म्हणावे, आणि औषधाची मात्रा ठरविण्याचा अधिकार दंडावरच्या पट्ट्याकडेच राहू द्यावा.